साडेनऊ महिन्यांत मोडलेला करार

शीतयुद्ध म्हटलं की आपल्याला बर्लिन आठवतं, क्यूबा आठवतं. पण 1948 साली तसलाच खेळ आपल्या नांदेड-लातूरकडे चालू होता. दोन्ही बाजू काही महासत्ता नव्हत्या, पण संशय अगदी तोच.

एका बाजूला कासिम रझवी. हा लातूरचा वकील, बरं का! त्याच्या पक्षाचं म्हणणं, हैदराबादचं सार्वभौमत्व मुसलमानांचं, निजाम त्याचं प्रतीक. दुसरीकडे स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस. त्यांचं म्हणणं, जनतेचं सरकार हवं आणि भारतात विलीनीकरण हवं. आता यात मधला रस्ता कुठून काढणार?

तरी 29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि निजामात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. सही झाली, विश्वास काही आला नाही. निजामाने पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज दिलं, दिल्ली भडकली. हैदराबादला जाणारा माल अडू लागला. निजाम म्हणे ही नाकेबंदी, दिल्ली म्हणे नाकेबंदी नाहीच. रझाकार गावं जाळत होते, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिक येत होते, नांदेडकडची उमरीची बँक लुटली गेली. आणि प्रत्येकाच्या मते, आपण करतो तो फक्त बचाव! कोडिंगवाल्यांना सांगतो, हा शुद्ध डेडलॉक. तू आधी सोड, मग मी सोडतो.

गंमत बघा, त्याच उन्हाळ्यात स्टालिनने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. तिकडे विमानांतून पीठ-कोळसा जायला लागला. इकडे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री शस्त्रं आणत होता.

13 सप्टेंबरला भारतीय फौज आत शिरली, 17 ला निजामाने शरणागती पत्करली. हे आपण शाळेत शिकलो. पुढचं शिकलो नाही. रझाकारांचा सूड साध्या मुसलमान कुटुंबांवर निघाला. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहिलंय की लातुरात वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. हा अहवाल सरकारने कित्येक दशकं छापला नाही.

रझवी मात्र 1957 ला तुरुंगातून सुटला आणि कराचीला निघून गेला.