सेटिंग्जमधली ‘मराठी’ : एका अक्षराची सतरा वर्षांची प्रतीक्षा (थ्रेड)

समाजमाध्यमावरील खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘इंग्लिश’च्या जागी ‘मराठी’ निवडली, की क्षणार्धात सूचना, बटणे, तारखा, सारे मराठीत दिसू लागते. या बदलाचे श्रेय आपण भाषांतरकारांना देतो, आणि ते योग्यच आहे. फेसबुकने २००८ मध्ये स्पॅनिशपासून आरंभ करून वापरकर्त्यांनाच शब्द सुचवायला आणि त्यांवर कौल द्यायला सांगितले होते.

परंतु शब्द पडद्यावर उमटण्यापूर्वी त्यातील प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक असावा लागतो. तो सर्वमान्य नव्हता, तेव्हा प्रत्येक फाँटचा कारभार निराळा असे. लिहिणाऱ्याचा फाँट वाचणाऱ्याकडे नसेल, तर पत्राऐवजी अगम्य चिन्हांची रांग उघडे.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये सिद्ध झाली. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मधली; तिचा देवनागरी विभाग याच इस्कीवर बेतलेला होता. क्रमांक लिपीला द्यायचे, भाषेला नाही, हे युनिकोडचे तत्त्व. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत या सर्वांना एकच संच. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचेच होते. मात्र लिपी एक असली तरी लेखनाच्या सवयी एक नसतात.

‘ॲप’ हा शब्द पाहा. हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ संचात होता. मराठीत ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जाणारा ‘ॲ’ नव्हता! लोकांनी वाट काढली: कोणी ‘ऍप’वर भागवले, तर कोणी ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून अक्षर उभे केले. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो एप्रिल २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद मराठीला सोडून चालत नाही. तो संगणकावर टिकला तो ‘ऱ’ या अक्षराच्या आधाराने, आणि गंमत अशी की युनिकोडमध्ये ‘ऱ’ची नोंद आहे द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी. त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामी आले.

‘ल’ आणि ‘श’ यांची कथा आणखी निराळी. हिंदीतल्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो, मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, शिरोरेषेला मधोमध टांगलेला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे निश्चित केली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना क्रमांक एकच. म्हणून निवड फाँटवर सोपवलेली आहे: त्यात तशी सोय असेल आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल, तर त्याच क्रमांकाचे अक्षर मराठी वळणाने उमटते. म्हणजे भाषा बदलली की कधीकधी शब्दांबरोबर अक्षरांचा चेहराही बदलतो.

२००८ पूर्वी जोडचिन्हाने घडवलेला ‘ॲ’ मात्र जुन्या लेखनात तसाच राहिला आहे. डोळ्यांना तो आजच्या ‘ॲ’सारखाच दिसतो, संगणकाच्या लेखी त्याचे क्रमांक वेगळे, त्यामुळे साध्या शोधात दोन्ही जुळत नाहीत.