हॉट रॉड व जुन्या मोटारी : चाके आणि टायर यांच्या मापांची निवड

हॉट रॉड म्हणजे बहुधा १९४९ पूर्वीची अमेरिकी मोटार वजनाला हलकी, इंजिनाने जोरकस आणि बांध्याने बुटकी करून घडवलेली वेगवान गाडी. तिला, तसेच मूळ रूपात जपलेल्या कोणत्याही जुन्या गाडीला, चाके व टायर कोणत्या मापाचे घ्यायचे यावर तिचा वेग, गियरिंग, स्टिअरिंगचा हलकेपणा, ब्रेकसाठी मिळणारी जागा आणि रूप ही सगळी अवलंबून असतात. पुष्कळ जण आधी मनात भरलेली रिम विकत घेतात आणि मग तिच्यावर बसेल तो टायर शोधतात. हा क्रम उलटा आहे. आधी मागच्या टायरची बाहेरची उंची ठरवावी, तिच्यावरून पुढच्या टायरची, त्यानंतर मडगार्ड, स्प्रिंग व चासी यांच्यामधली जागा मोजावी आणि रिमची रुंदी व खोली सर्वांत शेवटी निश्चित करावी.

मागे मोठे, पुढे लहान : हॉट रॉडचे हे ओळखीचे रूप गरजेतून आले. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर १९३० च्या दशकात तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवू लागली. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन होऊन या शर्यतींना शिस्त आली. १९४९ पासून युटामधील बॉनव्हिलच्या मिठागरावर स्पीड वीक भरू लागला. मागच्या अॅक्सलमधले दाते बदलणे खर्चाचे व कटकटीचे होते. उंच टायर चढवला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे इंजिनाचे तेवढेच फेरे ठेवून वेग वाढतो. पुढचे टायर बारीक व बुटके घेतले की हवेचा अडथळा घटतो आणि नाक खाली येते. या उताराला हौशी मंडळी ‘रेक’ म्हणतात.

हिशेब सोपा आहे. मैलांतील ताशी वेग, अॅक्सलचे गुणोत्तर आणि ३३६ यांचा गुणाकार करून त्याला टायरच्या इंचांतील उंचीने भागले की टॉप गियरमधील, म्हणजे थेट जोडणीतील, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे मिळतात. ३.७८ गुणोत्तराचा अॅक्सल आणि २८.५ इंच उंचीचा टायर असलेली गाडी ताशी ६० मैलांवर (सुमारे ९७ किमी) साधारण २,६७५ फेरे घेते. त्याच अॅक्सलवर ३१ इंची टायर चढवला की फेरे २,४६० पर्यंत उतरतात. मात्र गाडी जागची उठताना तेवढीच जड वाटते, आणि स्पीडोमीटर जुन्याच टायरच्या हिशेबाने चालत राहतो : काटा ६० दाखवत असताना गाडी ६५ ने धावत असते. म्हणून उंची बदलली की स्पीडोमीटरचा गियरही बदलावा. टेड हॅलिब्रँडने झटपट दाते बदलता येणारा अॅक्सल बाजारात आणल्यावर शर्यतवाल्यांना गियरिंगसाठी टायरवर विसंबण्याची गरज उरली नाही. तोवर मोठ्या मागच्या चाकाचे रूप लोकांच्या डोळ्यांत पक्के बसले होते.

रेक किती ठेवायचा हे कागदावर मांडून पाहावे. पुढे २६ इंचांचा ५.६०-१५ आणि मागे साडेएकोणतीस इंचांच्या आसपासचा ८.२०-१५ घेतला, तर दोन्ही अॅक्सलांच्या मध्यांच्या उंचीत त्या फरकाच्या निम्माच, म्हणजे पावणेदोन इंचांचा, फरक पडतो. उरलेला उतार खाली वाकवलेला पुढचा अॅक्सल व स्प्रिंगा यांतून येतो. गाडी कितीही खाली आणली तरी एक रेषा ओलांडू नये : चारही रिमांच्या खालच्या कडा जोडणाऱ्या प्रतलाखाली चासी, स्टिअरिंगचा दांडा किंवा इंजिनाचा तेलाचा डबा लोंबता कामा नये. टायर फुटून गाडी रिमवर बसली तर तोच भाग रस्त्यात रुतेल.

आकड्यांचे वाचन : जुन्या टायरांवरचे आकडे काळानुसार वेगवेगळ्या पद्धतीने लिहिले जात, आणि निवडीतल्या बऱ्याच चुका इथेच होतात. फोर्ड मॉडेल टीच्या ३० x ३½ या मापात ३० ही टायरची बाहेरची उंची आहे. रिम २३ इंचांची असते. १९२३ मध्ये फायरस्टोनने कमी दाबाचे ‘बलून’ टायर आणले आणि पुढे ४.५०-२१ अशी पद्धत रूढ झाली. तिच्यात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा व दुसरा रिमचा. या टायरांची बाजू जवळजवळ रुंदीइतकीच उंच असल्याने रुंदीची दुप्पट रिममध्ये मिळवली की उंचीचा अंदाज येतो. १९६० च्या दशकाअखेरीस अक्षरे आली : एफ७०-१४ मधील ‘एफ’ हे भारक्षमतेचे अक्षर, ७० हे बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण. आजच्या २०५/७५ आर १५ मध्ये रुंदी मिलिमीटरांत आणि रिम इंचांत असते : २०५ चे ७५ टक्के, त्याची दुप्पट, भागिले २५.४ म्हणजे १२.१, त्यात १५ मिळवले की २७.१ इंच. सहा-सात शेजारच्या मापांचे असे गणित एका कागदावर मांडले की निवड निम्मी उरकते.

फोर्डची मूळ मापे : हॉट रॉडची पाळेमुळे फोर्डमध्ये असल्याने ही मालिका माहीत असावी. मॉडेल ए १९२८-२९ मध्ये २१ इंची, १९३०-३१ मध्ये १९ इंची तारांच्या चाकांवर होती. १९३२ च्या, ‘ड्यूस’ या लाडक्या नावाच्या, गाडीला १८ इंची चाके व ५.२५-१८ टायर, १९३३-३४ ला १७ इंची, १९३५ पासून १६ इंची चाके व ६.००-१६ टायर. रिम दरवेळी लहान होत गेली तरी टायर जाड होत गेल्याने एकूण उंची फारशी घसरली नाही. १९३० च्या दशकातल्या गाडीवर अठरा-वीस इंची रिम आणि पट्टीसारखा चपटा टायर का खटकतो, याचे उत्तर यात आहे. रिमचा व्यास तेव्हाही मोठा असे, पण तिच्याभोवती टायरची भरपूर उंच बाजू असे आणि मडगार्डाची कमान त्या भरीवपणावर बेतलेली होती. १५ किंवा १६ इंची रिम आणि उंच बाजूचा टायर ही जोडी अशा गाडीला आजही सर्वांत शोभते. मडगार्ड काढून टाकलेल्या गाडीत टायर पूर्ण उघडा दिसत असल्याने उंचीला मोकळीक असते. मडगार्ड ठेवले असतील तर कमानीचा मध्य आणि चाकाचा मध्य एका उभ्या रेषेत येतात का, हे टायर घेण्याआधी पाहावे.

बोल्टांचे वर्तुळ : आपल्याकडील गॅरेजांत याला पीसीडी म्हणतात. फोर्डची १९३६-३९ ची चाके सव्वादहा इंचांच्या प्रचंड वर्तुळावर बसत. १९४० ते १९४८ च्या फोर्डला पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर आहेत, १९४९ पासून साडेचार इंचांच्या. शेव्हरोलेच्या मोटारींना त्याच वर्षापासून पावणेपाच. पाच बोल्टांत समोरासमोर बोल्ट येत नसल्याने शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. साडेचार व पावणेपाच या वर्तुळांत हे शेजारचे अंतर जेमतेम चार मिलिमीटरांनी वेगळे असते. डोळ्यांनी ते कळत नाही. ओढूनताणून चाक बसवले तर नट तिरके बसतात आणि स्टड तुटतात. नटाची बैठक निमुळती आहे की सपाट वॉशरची, हेही रिमप्रमाणे जुळले पाहिजे. क्रायस्लरच्या अनेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असतात. ते न ओळखता नेहमीच्या दिशेने जोर लावणाऱ्यांनी पुष्कळ स्टड मोडले आहेत. मॉडेल एची तारांची चाके १९४० नंतरच्या ड्रमवर बसवताना मागे आधाराचे कडे घालावे लागते, कारण त्या चाकाचा मध्यभाग बोल्टांच्या बाहेरच्या कडेवर टेकण्यासाठी घडवलेला आहे. कडे वगळले तर नट आवळताना मध्यभाग वाकतो व तडकतो.

जागा व खोली : रिम ड्रमवर जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि तिची आतली कड यांतील अंतर म्हणजे बॅकस्पेस. रिमची सांगितलेली रुंदी टायर बसतो त्या दोन खाचांमधली असते. कडांसकट ती सुमारे एक इंचाने जास्त भरते. म्हणजे ७ इंची रिम प्रत्यक्षात ८ इंची, आणि टेकणीचा पृष्ठभाग नेमका मध्यात असेल तर बॅकस्पेस ४ इंच. टायर त्याहूनही बाहेर फुगतो : ६ इंची रिमवरचा २०५ चा टायर प्रत्येक बाजूला सुमारे अर्धा इंच पुढे येतो. मोजणी गाडी स्वतःच्या वजनावर, अंतिम उंचीला उभी असतानाच करावी. जॅकवर लोंबत्या अॅक्सलवर घेतलेली मापे फसवी असतात. मागे आतल्या बाजूला स्प्रिंग व चासी, बाहेर मडगार्डाची कड, आणि गाडी खड्ड्यात दबल्यावरची जागा पाहावी. पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो ते पाहावे.

पुढच्या रिमबाबत आणखी एक गोष्ट आहे. स्टिअरिंग ज्या किंगपिनभोवती वळते तिची रेषा जमिनीला जिथे भिडते, त्याच्या जवळच टायरचा मध्य असावा. चाक बाहेर काढून गाडी रुंद दाखवण्याच्या हौसेने हे अंतर वाढते. मग स्टिअरिंग जड होते, एका बाजूचा ब्रेक थोडा जास्त धरला की गाडी तिकडे ओढते आणि बेअरिंगवर भार येतो. दिसण्यासाठी केलेल्या या एका बदलामुळे चांगल्या गाड्या चालवायला नकोशा होतात. डिस्क ब्रेक बसवायचे असतील तर कॅलिपर रिमच्या आत मावतो का हे आधी पाहावे. अशा वेळी १४ पेक्षा १५ इंची रिमचा आधार मोठा.

रेडियल की तिरक्या विणीचा टायर : आपल्या बाजारात ‘नायलॉन’ म्हणून ओळखला जातो तो तिरक्या धाग्यांचा टायर हॉट रॉडच्या मूळ काळातला. मिशलँने १९४० च्या दशकाअखेरीस रेडियल आणला, पण अमेरिकेत तो १९७० च्या दशकात रुळला. रेडियल सरळ चालतो, ओल्या रस्त्यावर पकड चांगली ठेवतो आणि कमी झिजतो; जुना टायर खाचांमागे भटकतो, पण त्याची उभी, गोलसर बाजू व बारीक चालपट्टी यांखेरीज १९४० च्या गाडीचे रूप पुरे होत नाही. रोज चालवायच्या गाडीला रेडियल घ्यावा आणि जपणुकीच्या गाडीला मूळ विणीचा. टेनेसीतील चॅटनूगा येथील कोकर टायर ही १९५८ पासूनची कंपनी जुन्या साच्यांतले टायर पुन्हा घडवते. बाहेरून जुना दिसणारा पण आतून रेडियल असा टायरही आता मिळतो. दोन प्रकार एका अॅक्सलवर कधीही मिसळू नयेत. पुढे रेडियल व मागे तिरक्या विणीचा ही मांडणी तर धोक्याचीच, कारण वळणावर गाडीची मागची बाजू आधी सुटते. ब्रिटनच्या नियमांनुसार ती निषिद्ध आहे.

जुनी रिम रेडियलला पेलेल का, हेही तपासावे. रेडियलची पकड जास्त म्हणून वळणावरचा आडवा जोरही जास्त, आणि रिव्हेट मारलेल्या किंवा गंजलेल्या रिमला तडा जाऊ शकतो. तारांच्या व रिव्हेटच्या रिमला ट्यूब लागतेच, आणि रेडियलमध्ये रेडियलसाठीचीच ट्यूब घालावी. टायरची भारक्षमता गाडीच्या प्रत्यक्ष वजनाला पुरी पडली पाहिजे. मोटारीसाठीचा पी-मेट्रिक टायर जुन्या पिकअपला लावताना त्याच्यावरील क्षमतेचा आकडा १.१ ने भागून धरतात. जुन्या गाड्या वर्षाला थोड्याच धावतात, त्यामुळे नक्षी शाबूत असतानाच रबर कडक होऊन तडकते. २००० सालापासून टायरच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन उत्पादनाच्या आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. दुकानात ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

युद्धोत्तर गाड्या : इथे काम सोपे आहे. १९५५-५६ च्या शेव्हरोलेचा मूळ टायर ६.७०-१५, त्याच्या जागी २०५/७५ आर १५ उंचीला जवळचा बसतो. १९५७ ला तीच गाडी १४ इंची चाकांवर, ७.५०-१४ टायरसह आली. १९६० च्या दशकातील जोमदार गाड्यांच्या एफ७०-१४ ऐवजी २२५/७० आर १४ घेतात. या पिढीच्या रिमाही आज स्वतंत्र आवडीचा विषय आहेत, विशेषतः अमेरिकन रेसिंगची पाच दांड्यांची टॉर्क थ्रस्ट आणि क्रेगरची चकचकीत एसएस.

भारतातील जुन्या गाड्या : आपल्याकडे हॉट रॉडची परंपरा नाही, पण मोजणीची रीत तीच लागू पडते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, अँबेसेडरचा ५.९०-१५. अँबेसेडरचा टायर उंचीला सुमारे २६ इंच भरतो, आणि १७५/८० आर १५ चे गणितही २६ वरच येते. विलिस व तिच्यावरून बनलेल्या महिंद्रा जीपला ६.००-१६ टायर, आणि पाच बोल्टांचे वर्तुळ साडेपाच इंचांचे, म्हणजे १९४० च्या फोर्डचेच; तरी चाक अदलाबदल करण्याआधी मधले भोक व नटाची बैठक तपासावीच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करताना ती मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीसाठी मूळ मापाचा टायर शोधणे श्रेयस्कर. मूळ रिमा बदलल्या तरी विकू नयेत, तेल लावून कोरड्या जागी ठेवाव्यात.