नहपानाचे रुपे आणि गोवर्धनचे विणकर



आम्ही पंडित नव्हे. कामगारांच्या वर्गणीच्या वह्या सांभाळता सांभाळता जुने हिशेब वाचण्याची गोडी लागली, एवढेच आमचे शिक्षण. आज बोलायचे तेही एका जुन्या हिशेबाविषयीच.

इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक, सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. नाशकाच्या मातीत ग्रीक अक्षरे आली कोठून? ग्रीकांनी जेथे जेथे वसाहती केल्या, तेथे तेथे त्यांचा ड्रॅक्मा गेला. आपला 'दाम' हा शब्द त्यातूनच निघाला. बाल्हिकाच्या ग्रीक राजांनी हे नाणे हिंदुस्थानात आणले. मिनँडर व अपोलोडोटस यांचे जुने ड्रॅक्मा पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत, असे 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात नमूद आहे. बाजाराला ओळखीचे नाणे हवे असते. नहपानाने त्याचाच कित्ता गिरवला.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्याच्या आईच्या नाशिक येथील लेखात त्याने जिंकलेल्या मुलखांत अपरान्ताचे, म्हणजे आपल्या कोकणाचेही नाव आहे. त्याने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. त्यांवरच आपला ठसा मारला. जोगळटेंभीच्या साठ्यातील ९ हजारांहून अधिक नाणी अशी आहेत. राजा बदलला, चांदी तीच राहिली.

परंतु त्या चांदीला फळ कोण आणीत होते? नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये नाशिकच्या लेण्यात कोरविलेला लेख पाहा. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दलास हात लावायचा नाही, व्याज तेवढे घ्यायचे. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा दरशेकडा एक. दुसरीकडे १,०००, दरशेकडा पाऊण. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासाच्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. हिशेब चोख जुळतो! निगमसभेत ते सारे वाचून दाखविले आणि फलकावर नोंदविले.

राजाच्या जावयाने ठेव ठेवली ती विणकरांच्या भरवशावर, ही गोष्ट आम्हाला त्या साऱ्या चांदीहून मोलाची वाटते. तथापि श्रेणी म्हणजे आजची युनियन नव्हे, हेही आम्ही सांगू. व्याजाचा दर दगडावर कोरला गेला. प्रत्यक्ष मागावर बसणाऱ्याच्या मजुरीचा दर त्या लेखात नाही. ते २४० कार्षापण मात्र त्याच्याच हातांतून निघाले होते. इतिहास वाचताना ती न कोरलेली ओळही वाचावी, एवढेच आमचे मागणे आहे.