बंदुका, कायदे आणि मृत्यू : वेगवेगळ्या देशांची तुलना काय सांगते?

अमेरिकेत शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाल्याची बातमी आली की ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत त्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. ‘तिकडे एवढे गोळीबार का होतात? इतर देशांत का होत नाहीत?’ असे प्रश्न मग घरोघरी निघतात. डॉक्टरांच्या दृष्टीने हा केवळ गुन्हेगारीचा किंवा राजकारणाचा विषय नाही. बंदुकीमुळे होणारे मृत्यू आणि अपंगत्व हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात.
- राग, निराशा, भांडणे आणि मानसिक आजार सगळ्याच देशांत आहेत. त्या क्षणी हाताशी बंदूक आहे की नाही, यात मोठा फरक आहे.
- घरात बंदूक असेल तर ती रिकामी व कुलूपबंद ठेवणे आणि काडतुसे वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवणे, हा कुटुंबाला करता येण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे.

‘बंदुकीने झालेले मृत्यू’ म्हणजे नेमके काय?

या आकड्यात हत्या, आत्महत्या, चुकून गोळी सुटून झालेले अपघात आणि पोलीस कारवाईतील मृत्यू असे सगळे येतात. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने सुमारे ४६,७०० लोक दगावले. त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या आणि सुमारे १७,९०० हत्या. टीव्हीवर दिवसभर दाखवले जाणारे सामूहिक गोळीबार या एकूण आकड्याचा लहानसा भाग असतात. बहुतेक मृत्यू घरात किंवा आसपासच्या वस्तीत होतात आणि त्यांची बातमी होत नाही.

मुलांची स्थिती अधिक चिंताजनक आहे. १ ते १९ वर्षे वयोगटात २०२० पासून अमेरिकेत बंदूक हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले आहे. त्याआधी ते स्थान वाहन अपघातांचे होते.

तुलना करताना कोणती काळजी घ्यावी?

- एकूण संख्या नव्हे, दर पाहावा. मोठ्या लोकसंख्येच्या देशात मृत्यूंची संख्या मोठी असणारच. म्हणून दर एक लाख लोकसंख्येमागे किती मृत्यू, हे पाहतात.
- हत्या आणि आत्महत्या वेगळ्या मोजाव्यात. दोन्हींची कारणे आणि उपाय वेगळे आहेत.
- कायद्याबरोबर अंमलबजावणीही पाहावी. कागदावर कडक कायदा असूनही बेकायदा बंदुका सहज मिळत असतील तर मृत्यू कमी होत नाहीत.
- एकाच देशाची आधीची व नंतरची स्थिती पाहावी. दोन देशांत गरिबी, टोळ्या, व्यसने, न्यायव्यवस्था असे अनेक फरक असतात. कायदा बदलल्यावर त्याच देशात काय घडले, हा पुरावा अधिक उपयोगी ठरतो.

कोणत्या देशात किती बंदुका?

२०१७ सालच्या एका जागतिक अंदाजानुसार दर १०० लोकांमागे नागरिकांकडील बंदुका साधारण अशा होत्या :

- अमेरिका : १२० (माणसांपेक्षा बंदुका जास्त)
- कॅनडा : ३५
- स्वित्झर्लंड : २८
- ऑस्ट्रेलिया : १४ ते १५
- भारत : ५
- जपान : १ पेक्षाही कमी

आता मृत्यूंकडे पाहू. अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला १३ ते १५ जण बंदुकीने मरतात. ऑस्ट्रेलियात हा दर १ च्या आसपास आहे, तर जपानमध्ये तो जवळजवळ शून्य आहे. श्रीमंत देशांपुरते बोलायचे तर अमेरिका या बाबतीत सगळ्यांच्या फार पुढे आहे.

अमेरिकेच्या राज्याराज्यांतही मोठी तफावत आहे. २०२१ मध्ये मिसिसिपी राज्यात हा दर लाखामागे सुमारे ३४ होता, तर कडक परवाना पद्धत असलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे साडेतीन. या फरकामागे गरिबी आणि आरोग्यसेवा हीदेखील कारणे आहेत. सगळे श्रेय किंवा दोष एकट्या कायद्याला देता येत नाही.

कायदा बदलल्यावर काय झाले?

ऑस्ट्रेलिया : एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतला. दोन आठवड्यांच्या आत सर्व राज्यांनी एकसमान कडक नियम मान्य केले. लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या अनेक प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली. परवान्यासाठी योग्य कारण देणे सक्तीचे झाले आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण ग्राह्य धरले गेले नाही. खरेदीपूर्वी २८ दिवस थांबण्याची अट आली. सरकारने मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या आणि नष्ट केल्या. त्यानंतर बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या व हत्या दोन्ही कमी झाल्या. हे दर आधीपासूनच हळूहळू घटत होते, त्यामुळे कायद्याचा वाटा नेमका किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र लोकांनी आत्महत्येसाठी सरसकट दुसरे मार्ग शोधले, असे दिसले नाही.

ब्रिटन : मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत १६ मुले आणि एक शिक्षिका मारली गेली. त्यानंतर १९९७ मध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली.

जपान : सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. शिकारीची किंवा खेळाची बंदूक हवी असल्यास लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरांचा दाखला आणि पोलीस चौकशी या पायऱ्या पार कराव्या लागतात. तरीही जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची घरी बनवलेल्या बंदुकीने हत्या झाली. कोणताही कायदा धोका शून्यावर आणत नाही. पण अशी घटना तिथे अपवादानेच घडते.

मेक्सिको : इथे कायदा कडक आहे. अनेक वर्षे देशभरात लष्कराने चालवलेले बंदुकांचे एकच अधिकृत दुकान होते. तरीही हत्यांचे प्रमाण मोठे आहे, कारण अमली पदार्थांच्या टोळ्यांकडे चोरट्या मार्गाने शस्त्रे येतात आणि त्यांतील मोठा हिस्सा शेजारच्या अमेरिकेतून येतो. एका देशाचा कायदा सैल असेल तर त्याची झळ शेजाऱ्यालाही लागते.

आत्महत्या आणि बंदूक : डॉक्टर यावर भर का देतात?

‘ज्याला मरायचे आहे तो कसाही मरणारच’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हा गैरसमज आहे. आत्महत्येची तीव्र इच्छा अनेकदा लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत किंवा तासांत ओसरते. तेवढा वेळ निभावला तर माणूस वाचतो. प्रयत्नातून वाचलेल्या दर १० जणांपैकी सुमारे ९ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. बंदूक मात्र विचार बदलायला किंवा रुग्णालयात पोहोचायला सहसा अवधीच देत नाही.

दोन देशांचे अनुभव या दृष्टीने बोलके आहेत.

- इस्रायल : तरुण सैनिक आठवड्याच्या शेवटच्या सुटीत बंदूक घरी नेत असत. २००६ मध्ये लष्कराने ती छावणीतच ठेवायला सांगितली. त्यानंतर या वयोगटातील सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट प्रामुख्याने सुटीच्या दिवसांतली होती.
- स्वित्झर्लंड : तेथे सक्तीच्या लष्करी सेवेतील पुरुष बंदूक घरी ठेवत. २००३-०४ मध्ये सैन्याची संख्या जवळपास निम्मी केल्यावर घराघरांतल्या बंदुका कमी झाल्या आणि त्या वयोगटातील पुरुषांच्या आत्महत्याही घटल्या. टळलेल्या बंदुकीच्या आत्महत्यांपैकी सुमारे २२ टक्केच इतर मार्गांकडे वळल्याचे अभ्यासात आढळले.

हेच तत्त्व आपल्या भागात कीटकनाशकांना लागू पडते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. शेतकरी घरात औषधाचे डबे कुलपात ठेवावेत, असा सल्ला डॉक्टर देतात तो याचसाठी.

मानसिक आजार हेच गोळीबाराचे कारण असते का?

नाही. नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया हे आजार सर्व देशांत आढळतात. मग बंदुकीच्या मृत्यूंत इतका फरक केवळ आजारामुळे पडू शकत नाही. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कधीच हिंसा करत नाहीत, उलट तीच अनेकदा हिंसेला बळी पडतात. त्यांच्या बाबतीत मोठा धोका असतो तो स्वतःला इजा करून घेण्याचा. म्हणून रुग्णाकडे संशयाने पाहू नये. घरात शस्त्र असेल तर ते सुरक्षित करावे आणि उपचार चालू ठेवावेत.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात बंदूक बाळगणे हा हक्क नसून ती परवानगी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागतो. अर्जदाराची पोलीस चौकशी होते आणि वैद्यकीय दाखलाही मागितला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्न-मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळ्या झाडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, हे अनेकांनी पाहिले असेल.

आपल्याकडची मोठी अडचण बेकायदा शस्त्रांची, म्हणजे गावठी कट्ट्यांची आहे. २०१७ च्या अंदाजानुसार देशात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी बंदुका होत्या आणि त्यांपैकी परवान्याच्या १ कोटीहूनही कमी.

घरात बंदूक असेल तर

‘संरक्षणासाठी घरात असू द्यावी’ असे अनेकांना वाटते. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेगळे चित्र दिसले. हा आढावा मुख्यतः अमेरिकेतील अभ्यासांवर आधारलेला होता. घरात बंदूक सहज मिळण्याजोगी असणाऱ्यांत आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका सुमारे तिप्पट आणि हत्येला बळी पडण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. म्हणून :

- बंदूक रिकामी करूनच ठेवा आणि मजबूत कुलपात ठेवा.
- काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा.
- चावी किंवा कुलपाचा क्रमांक मुलांना कळू देऊ नका. ‘मुलांना जागा माहीत नाही’ या समजुतीवर विसंबू नका. मुले सगळे शोधून काढतात.
- घरात कुणाला नैराश्य, दारूचे व्यसन किंवा स्मृतिभ्रंश असेल, किंवा कुणी नुकत्याच मोठ्या धक्क्यातून जात असेल, तर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवण्याची कायदेशीर सोय करा. भारतात यासाठी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे चौकशी करावी. परस्पर नातेवाइकाकडे देऊ नये.
- परवानाधारकाचे निधन झाल्यास किंवा परवान्याची मुदत संपल्यास शस्त्र लगेच जमा करावे लागते. वडिलांची आठवण म्हणून कपाटात ठेवणे धोक्याचे आणि बेकायदा आहे.

मुले-नातवंडे अमेरिकेत असतील तर

मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल तर आधी विचारावे, ‘तुमच्या घरी बंदूक आहे का? असल्यास कुलपात असते का?’ असे विचारणे आपल्याला अवघड वाटते. पण तिथले बालरोगतज्ज्ञही पालकांना हेच सुचवतात. खाण्याच्या अॅलर्जीबद्दल जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज हेही विचारावे. अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांत, एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा गंभीर धोका असल्यास तिच्याकडील बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेता येते. अर्ज कोण करू शकतो याचे नियम राज्यानुसार बदलतात.

तातडीने मदत केव्हा घ्यावी?

पुढीलपैकी काही दिसल्यास थांबू नका :

- ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी नसलो तर बरे होईल’ अशी भाषा
- वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे
- अचानक शस्त्राची चौकशी करणे किंवा ते बाहेर काढणे
- दारू पिऊन धमक्या देणे, घरात मारहाण

अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, तिचे शांतपणे ऐकून घ्या आणि ‘मरण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मन मोकळे होते. व्यक्तीच्या हातात शस्त्र असेल तर ते हिसकावायला जाऊ नका. इतरांना दूर न्या आणि पोलिसांना बोलवा.

भारतात मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ (मोफत, मराठीतही) आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. अमेरिकेत आत्महत्येच्या विचारांसाठी ९८८ आणि तातडीच्या मदतीसाठी ९११.