जात्यावरून हार्ड डिस्कवर

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या कपाटात एक हार्ड डिस्क आहे, तश्शीच दुसरी मिरजेला अक्काआजीकडे आहे. दोन्हींत तेच आहे. मग दोन कशाला?" मी म्हटलं, बस, सांगतो. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला सरळ उत्तर देता येत नाही, सनावळीपासून सुरुवात करावी लागते. तो पाच मिनिटांत उठून गेला. उरलेलं इथे लिहितो आहे, म्हणजे मंडळी, आता तुमच्यावर संक्रांत.

आवाज साठवून ठेवायची सोय माणसाला मिळाली त्याला जेमतेम दीडशे वर्षं होत आली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं आणि आपल्याकडे ग्रामोफोनचा जमाना सुरू झाला. पण कोणाचा आवाज ठेवायचा हे कंपनी ठरवायची, आणि तेही तीनेक मिनिटांत बसेल तेवढाच. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. तोवर वीस वर्षं इथे तबकड्या निघत होत्या, तरी बुवांचा आवाज मागे राहिला नाही. बालगंधर्वांसारख्या शिष्याच्या तबकड्या घरोघर आणि गुरूचा नुसता लौकिक! जिथे बुवांची ही गत, तिथे जात्यावर बसणाऱ्या बाईचा आवाज कोण ठेवणार?

तो ठेवता आला तो फितीमुळे. जर्मनीत फ्रिट्झ प्फ्लॉयमर या गृहस्थाने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून त्यात आवाज धरायची युक्ती काढली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात तिचं यंत्र लोकांसमोर आलं. महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन नावाच्या अमेरिकन सैनिकाने तशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी धाडली आणि १९४७ मध्ये बिंग क्रॉस्बी हा लोकप्रिय गायक आपला रेडिओ कार्यक्रम फितीवर करू लागला. आपल्याकडे ही स्पूलची यंत्रं आकाशवाणीत आणि काही हौशी, पैसेवाल्या रसिकांच्या घरी. आमच्यासारख्यांच्या हाती यंत्र आलं ते कॅसेटमुळे. फिलिप्सने ती १९६३ साली काढली. पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत, प्लॅस्टिकच्या डबीत, कुणालाही घालता-काढता यावी अशी. दुबईला गेलेल्या भाच्याने १९८३ साली मला एक टू-इन-वन आणून दिला, तेव्हा गल्लीतली पोरं तो बघायला आली होती.

१९८४ च्या दिवाळीत त्यावर मी आईच्या ओव्या घेतल्या. गावात तेव्हा पिठाची गिरण येऊन बरीच वर्षं झाली होती आणि जातं कोपऱ्यात पडून होतं. आईला म्हटलं, नुसती बसून म्हण. ती बसली, दोन ओव्या म्हटल्या आणि थांबली. म्हणाली, "हातात खुंटा असल्याबिगर पुढचं आठवत न्हाई रं." मग जातं मांडलं, मूठभर ज्वारी घातली, आणि ती सुरू झाली ती थांबेना. तीन कॅसेटी भरल्या. मागे जात्याची घरघर आहे. तेव्हा वाटलं, त्या आवाजाने रेकॉर्डिंग खराब झालं. केवढा शहाणा होतो मी! १९९१ साली आई गेली.

असल्या ओव्या गोळा करायचं खरं काम ज्यांनी केलं त्यांची नावं इथे सांगायलाच हवीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काही भागाचं शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने ते लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. एक लाख ओव्या कागदावर आणि आवाजात त्यांतल्या थोड्याच, हे प्रमाण बघितलं की माझ्या तीन कॅसेटींची किंमत मला कळते. तेव्हा कळली नव्हती, हे पुढे येईलच.

आता दुसरं सूत्र. कॅसेट यायच्या आधी, १९५६ साली, आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. रॅमॅक तिचं नाव. चोवीस इंची पन्नास तबकड्या एकावर एक, वजन सुमारे टनभर, आणि मावायची अक्षरं पन्नास लाख. आजच्या सीडीच्या दर्जाने आवाज साठवायचा तर मिनिटाला दहा एमबी लागतात. म्हणजे त्या टनभराच्या धुडात आईच्या दोन ओव्याही धड मावल्या नसत्या! पण हे धूड आकसत गेलं. आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ साली चुंबकत्वाचा एक नवा गुण शोधला (त्यांना २००७ चं नोबेल मिळालं) आणि त्याच्या जोरावर नखाएवढ्या जागेत अब्जावधी खुणा मावू लागल्या. २००० साली यूएसबीची वेगवान आवृत्ती आली. मग डिस्क संगणकाच्या पोटातून बाहेर निघाली, खिशात बसू लागली आणि वायर जोडली की चालू लागली.

२००९ साली मी तशी एक घेतली, पाचशे जीबीची. नातवाच्या बापाने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम संगणकावर घालून दिला. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात घातली. हेड स्पिरिटच्या कापसाने पुसलं, सैल फीत पेन्सिलीने गुंडाळून घट्ट केली. इथे घाई चालत नाही, नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच लागतात. तीन कॅसेटी मिळून तीन जीबीसुद्धा झाल्या नाहीत. हिशेब केला तर असे सातशेहून जास्त तास त्या डबीत मावत होते. मला तर कुबेर झाल्यासारखं वाटलं.

आणि त्या भरात पुढच्या वर्षी घर बदलताना मी कॅसेटींचं खोकं भंगारवाल्याला दिलं. सौ. म्हणाली होती, "राहू देत, काय खायला मागतात का?" मी म्हटलं, "अगं, सगळं डिस्कवर आहे."

कॅसेट मरते ती म्हाताऱ्या माणसासारखी. आधी आवाज दबतो, मग खरखर वाढते, कोकणातल्या हवेत बुरशी धरते. पण सांगून, सवरून जाते. हार्ड डिस्कचं तसं नाही. तिच्या आत वाचणारा काटा फिरत्या तबकडीवर हवेच्या थरावर तरंगत असतो. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. २०१५ च्या गणपतीत आरास मांडताना माझ्याच हाताने टेबल सरकवलं आणि चालू डिस्क फरशीवर पडली. बाहेरून ओरखडासुद्धा नाही. पुन्हा जोडली तर आतून टक्, टक्, टक् एवढाच आवाज. पुण्यात एका माहीतगाराकडे नेली. त्याने उघडून मला भिंगातून दाखवलं. तबकडीवर गोल चरा पडला होता. तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, "काका, दुसरीकडे कुठे कॉपी आहे का?"

नव्हती. रुमालात बांधलेले पेशवे दप्तरातले मोडी कागद दोन-दोनशे वर्षं टिकले, आणि मी वर्गात पोरांना राजवाड्यांची गोष्ट सांगायचो, कागदांसाठी गावोगाव हिंडलेल्या माणसाची! मी सहा वर्षं टिकवू शकलो नाही. महिनाभर मी कुणाला सांगितलंच नाही.

शेवटी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "अरे, एक माझ्याकडे आहे की." १९८५ साली तिने हट्ट करून एका कॅसेटीची कॉपी घेतली होती. डबल डेक कुणाकडे होता तेव्हा? दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, एकात वाजवायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. त्यामुळे तिच्या कॅसेटीत आईच्या ओव्या आहेत, जात्याची घरघर आहे, आणि वरून अक्काच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, रडणारी भाची आणि मिरजेच्या स्टेशनातली गाडी आहे.

फितीची कॉपी केली की आवाज थोडा उणा व्हायचाच, म्हणून लोक मूळ प्रत जिवापाड जपत आणि कॉप्या हौसेने वाटत. डिस्कवरची कॉपी मुळाइतकीच चोख, एका मिनिटात होणारी. म्हणून कुणी करतच नाही. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ साली एक ठोकताळा लिहून ठेवला: तीन प्रती, दोन तऱ्हांच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. अक्काने तो वीस वर्षं आधी, न वाचता, निदान एक तृतीयांश पाळला होता.

तिच्याकडे निघाली ती माहेरच्या ओव्यांची कॅसेट. तीत लेकीची, म्हणजे अक्काची ओवी आहे, नाव घेऊन. माझं नाव घातलेली ओवी दुसऱ्या कॅसेटीत होती. ती मला आता चालीसकट ऐकू येते, पण शब्द फक्त पहिल्या ओळीचे आठवतात. दुसऱ्या ओळीत आईने माझ्या शाळेबद्दल काहीतरी म्हटलं होतं आणि मी तेव्हा हसलो होतो, एवढं पक्कं आहे.

अक्काची कॅसेट २०१६ साली दोन डिस्कांवर उतरवली. दर दिवाळीला भाऊबीजेला जातो तेव्हा माझी सोबत नेतो, दोन्ही लावून पाहतो. मूळ कॅसेट तिच्या साड्यांच्या कपाटात आहे. मी दोनदा मागितली, पण ती देत नाही. म्हणते, "तुझ्याकडं नको बाबा."