एका तबकडीवरच्या दोन चुली

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदवणं हे घराच्या वाटणीसारखंच आहे. भिंत आधी घालावी लागते, सामान मागाहून. ही भिंत आली कुठून, ते पाहू.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, तेव्हा त्याच्यासाठी पीसी-डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन कार्यप्रणाली जाहीर झाल्या होत्या. तंटा नव्हता, हवी ती फ्लॉपी घालावी आणि यंत्र सुरू करावं. मार्च १९८३ मध्ये एक्सटी हे यंत्र आलं, त्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क कायमचीच बसवलेली. आता सगळ्यांनी एकाच छपराखाली राहायचं कसं?

त्यावर तोड निघाली ती अशी. तबकडीच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या कप्प्यात जणू सात-बाराचा उताराच लिहून ठेवला. हिस्से चार, प्रत्येकाच्या नोंदीला १६ बाइट: हिस्सा कुठून सुरू, केवढा, कोणत्या जातीचा. एकावर 'चालू' अशी खूण. यंत्र जागं झालं की तिथलाच चिमुकला प्रोग्रॅम ती खूण पाहतो आणि त्या हिश्शाच्या हाती कारभार सोपवतो. हिशेब मोठा काटकसरीचा!

पण उताऱ्याची प्रत एकच, आणि भिंत म्हणजे निव्वळ कागदावरची रेघ. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याकडे १९९१ साली एकाच तबकडीवर मिनिक्स आणि त्याचं स्वतःचं नवं लिनक्स असे दोन संसार होते. मोडेमला द्यायचे हुकूम चुकून तबकडीकडे गेले आणि मिनिक्सचा हिस्सा बिघडला. त्यानं मिनिक्स पुन्हा बसवलंच नाही; लिनक्सवरच राहिला. त्याचं निभावलं. इतरांचं नेहमी निभावलं नाही. विंडोज नव्यानं बसवलं की ते पहिला कप्पा खुशाल नव्यानं लिही. लिनक्सची माहिती जागच्या जागी, पण तिचं दारच नाहीसं! 'आधी विंडोज, मग लिनक्स, आणि सगळ्याच्या आधी कागदपत्रांची दुसरी प्रत' हा जाणत्यांचा क्रम त्यातूनच रूढ झाला.

जुन्या नोंदीत साधारण २ टेराबाइटांपलीकडची जमीन मावेना, म्हणून जीपीटी ही नवी पद्धत आली. तिच्यात सहसा १२८ हिश्शांची सोय असते, आणि उताऱ्याची दुसरी प्रत तबकडीच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.