बेचकी

गेल्या महिन्यात पुण्याला मुलीकडे चार दिवस राहून आलो. मी असतानाच नातवाच्या नावाने एक पार्सल आलं. खोक्यातून निघाली एक चकचकीत बेचकी. धातूची, मुठीत बसणारी, मनगटाला आधार द्यायला मागे वाकवलेली दांडी, पिवळ्या रबरी नळ्या आणि सोबत छोट्या पोलादी गोळ्यांची पिशवी. मुलीने कपाळाला हात लावला. नातू मात्र ती घेऊन थेट माझ्याकडे आला. "आबा, हे कसं मारायचं?"

आता मंडळी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी आपल्याला खरोखर येत असलेली गोष्ट कुणी विचारावी, यासारखं सुख नाही. मोबाइलबद्दल मी त्याला विचारतो, तेव्हा तो ज्या चेहऱ्याने सांगतो, तोच चेहरा करून मी म्हणालो, "आण इकडे."

आमच्या लहानपणी बेचकी विकत मिळत नसे. ती शोधावी लागे. पेरूच्या किंवा चिंचेच्या झाडावर नजर ठेवून फिरायचं, दोन्ही फांद्या सारख्या जाडीच्या आणि सारख्या कोनात फुटलेलं बेचकं दिसलं की खूण करून ठेवायची. एक फांदी जाड, एक बारीक असेल तर ते कामाचं नाही. ताण एकीकडे जातो आणि खडा वाकडा सुटतो. ओलं बेचकं कापून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर ते तडकतं. मूठ आपल्या तळहाताला भरेल एवढी हवी, मोठ्या भावाच्या नव्हे.

रबर सायकलच्या ट्यूबचं. त्यातही लाल ट्यूब मिळाली तर राजा. काळ्या ट्यूबच्या पट्ट्या ताणल्या जात, पण परतताना आळशीपणा करत. याचं कारण मला फार पुढे कळलं. लाल ट्यूब नैसर्गिक रबराची असे. काळ्या ट्यूब पुष्कळदा ब्यूटाइल नावाच्या कृत्रिम रबराच्या असत. हे रबर हवा छान धरून ठेवतं, पण ताण सोडल्यावर झटकन मागे येत नाही. आम्हाला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. लाल ट्यूबचा खडा चिंचेच्या शेंड्यापलीकडे जातो, एवढं ठाऊक होतं. दोन्ही पट्ट्या अगदी एका मापाच्या कापायच्या आणि मधे जुन्या चपलेच्या मऊ चामड्याचा तुकडा. खडेही निवडून घ्यायचे, नदीतले, गोल, एका आकाराचे. तसे नसले तर चिकणमातीच्या गोळ्या वळून चुलीत भाजायच्या. प्रत्येक खडा वेगळ्या वजनाचा असला तर नेम कधीच बसत नाही, कारण हाताला सवय लागायला काही एकसारखं मिळतच नाही.

नातवाला हे सगळं सांगून मग नियम सांगितले. एक, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन, रोज आधी रबर ताणून तडे बघायचे, कारण तुटलेलं रबर तोंडावरच येतं. तीन, समोर काय आहे यापेक्षा त्याच्या मागे काय आहे ते पाहायचं. चार, भिंतीवर, दगडावर पोलादी गोळी मारायची नाही, ती परत फिरते. गच्चीवर जुनी गोधडी दुहेरी टांगली, तिच्यापुढे दोरीने रिकामा डबा लटकवला. डावा हात सरळ, उजवा हात प्रत्येक वेळी गालाच्या हाडापाशी त्याच जागी आणायचा, मग सोडायचं. सोडताना झटका द्यायचा नाही, बोटं नुसती उघडायची. विसाव्या गोळीला डबा वाजला. पोराने जी उडी मारली!

मग तो म्हणाला, "आबा, तुम्ही याने पक्षी मारलेत?"

मारलेत. खोटं कशाला सांगू? पण त्याला उत्तर देताना मला माझे पक्षी आठवले नाहीत. दुसरंच काही आठवलं. ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. मास्तर माणूस, फळ्यापाशी गेल्याशिवाय राहवत नाही.

बेचकी दिसते आदिमानवाची, पण वयाने ती आगगाडीपेक्षाही लहान आहे. कारण साधं आहे. ती रबरावाचून होत नाही, आणि कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. गंधक घालून तापवलं की रबर टिकाऊ होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलं; पेटंट मिळालं 1844 मध्ये. रबराच्या झाडाचं बी ब्राझीलहून लंडनच्या क्यू उद्यानात हेन्री विकहॅमने 1876 मध्ये नेलं, तिथून रोपं आशियात आली. केरळात व्यापारी लागवड 1902 ची. हवा भरायचं टायर डनलॉपने 1888 मध्ये केलं. तेव्हा फाटकी ट्यूब फुकट मिळायला आधी गावात सायकल यायला हवी. माझ्या आजोबांच्या बालपणी आमच्या गावात आजच्यासारखी बेचकी असणं शक्यच नाही.

मग गलोल हा शब्द? तो तर जुना आहे. गंमत अशी की पूर्वीची गलोल म्हणजे धनुष्यच होतं, बांबूचं. फक्त दोरी एक नसून दोन, मधे छोट्या काड्या घालून एकमेकींपासून दूर ठेवलेल्या, आणि मध्यभागी कापडाची लहानशी झोळी. तिच्यात बाणाऐवजी भाजलेल्या मातीची गोळी. सोडताना धनुष्य धरलेलं मनगट किंचित बाजूला वळवावं लागे, नाहीतर गोळी स्वतःच्याच अंगठ्यावर. 1886 मध्ये निघालेल्या 'हॉबसन-जॉबसन' या प्रसिद्ध कोशात गुलेल शब्दाचा अर्थ हाच दिला आहे, गोळीचं धनुष्य. रबर आलं, धनुष्य गेलं आणि नाव तेवढं बेचकीने उचललं.

या दोघींची पणजी म्हणजे गोफण. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा बांधून त्यावर उभं राहायचं, एक टोक बोटात अडकवून गोफण डोक्याभोवती फिरवायची आणि दुसरं टोक सोडायचं. फाट्टकन आवाज झाला की पाखरांचा थवा उठे. पुष्कळदा आवाजानेच काम होई. हिचं वय मोजायला गेलं तर दम लागतो. मिसरच्या तुतनखामेनच्या थडग्यात गोफणी निघाल्या, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांहून जास्त. आपल्याकडे मोहेंजोदडोला मातीचे गोळे सापडले, ते गोफणीचेच मानतात. आणि महाराष्ट्रात जोर्वे संस्कृतीच्या लोकांकडेही गोफणगुंडे होते.

जोर्वे! हे गाव प्रवरेकाठी, संगमनेर तालुक्यात. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे 1950-51 मध्ये उत्खनन केलं आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. याच संस्कृतीचं पुणे जिल्ह्यातलं मोठं गाव म्हणजे घोड नदीकाठचं इनामगाव. तिथे 1968 पासून बरीच वर्षं खोदकाम चाललं. मधुकर ढवळीकरांनी त्यावरून जे मांडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं. शेती बसली. चौकोनी, ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. माणसं जनावरांमागे आणि शिकारीमागे वळली. म्हणजे शिकारीकडून शेतीकडे अशी एकाच दिशेने जाणारी वाट, जी आम्ही वर्गात शिकवत होतो, ती तशी सरळ नाही. पिकलं नाही की माणूस उलटाही चालतो.

हे सगळं मी नंतर वाचलं. 1972 मध्ये वाचलेलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी जूनमध्ये मी संगमनेर तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. तेवीस वर्षांचा, नवाकोरा, इतिहास आणि मराठी शिकवणारा. पाऊस आलाच नाही. आधीच्या वर्षीही जेमतेमच होता. दिवाळीनंतर गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. रेशनवर लाल मिलो मिळे, कामावर सुकडी. वर्गात पोरं पेंगत. का पेंगतात ते मला कळत होतं, आणि तरीही मी डस्टर आपटत होतो.

सहावीत भिल्लवस्तीवरचा एक मुलगा होता. वस्तीवरून नियमित येणारा तो एकटाच. अबोल, पण इतिहासाच्या तासाला डोळे उघडे ठेवून बसणारा. जानेवारीत एके दिवशी त्याच्या पिशवीतून बेचकी पडली. वर्ग हसला. मी ती उचलली. काय सुरेख होती म्हणून सांगू! पेरूचं बेचकं, घासून घासून गुळगुळीत केलेलं, लाल रबर, चामड्याला दोन्हीकडे दुहेरी गाठ. ती पाहताच मला माझं बालपण आठवायला हवं होतं. मला आठवली शिस्त. मी तिथल्या तिथे अहिंसेवर दहा मिनिटं बोललो. गांधीजी झाले, बुद्ध झाले. बेचकी कपाटात कुलूपबंद झाली. तो एवढंच म्हणाला, "गुर्जी, सुटी झाल्यावर द्याल का?" मी म्हणालो, "वडलांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवड्याने त्याची आई आली. खडीच्या कामावरून तशीच आली होती, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. व्हरांड्याच्या खालीच उभी राहिली. म्हणाली, "गुर्जी, तेवढी बेचकी द्या. पोरगं सांच्याला दोन होले आणायचं, तर कालवण व्हायचं."

आणि मी काय म्हणावं? "त्याला शाळेत पाठवा, मग देतो." मला वाटलं, मी त्याचं भलंच करतोय. ती काही बोलली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. पुढच्या पावसाळ्यात वस्तीवरची तीन-चार घरं उठून कुठेतरी गेली होती, त्यात त्यांचंही होतं. हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे "गैरहजर" लिहीत राहिलो, मग नाव कमी केलं. माझ्याच हाताने.

त्याच 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज त्याला अनुसरून मी नातवाला स्पष्ट सांगितलं, रानपाखरू मारणं हा गुन्हा आहे, मारायचा नुसता प्रयत्न केला तरी. पूर्वी कावळा उपद्रवी म्हणून वेगळ्या यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीही गेली. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना पुष्कळ परंपरागत हक्क दिले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. कायदा योग्यच आहे. होले, तितर, लावे उरायला हवेत. मला पटतं. पण त्या बाईपुढे मी कायदा म्हणून उभा नव्हतो. मी जेवून आलो होतो आणि तिचा मुलगा उपाशी होता, एवढाच दोघांमधला फरक होता.

सलीम अलींची गोष्ट शाळेत मी दरवर्षी सांगायचो. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनी चौकशीसाठी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी रागावण्याऐवजी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि त्यातून पुढचे सलीम अली झाले. मुलांना ही गोष्ट आवडायची. सांगताना मला मात्र दर वेळी दुसरं कपाट आठवायचं, माझं, जे मी बंद केलं होतं. होला कुठे बसतो, कधी पाण्यावर येतो, किती जवळ जाऊ देतो, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असणार. मी एकदाही विचारलं नाही.

बदली झाली तेव्हा कपाट रिकामं करताना ती बेचकी हाती आली. फेकवेना. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. रबराचा केव्हाच भुगा झाला, लाकूड मात्र अजून तसंच आहे. सेवानिवृत्तीच्या आधी दोनदा त्या भागात जाऊन चौकशी केली. कुणी म्हणालं कारखान्याच्या ऊसतोडीला गेले, कुणी म्हणालं नाशिककडे. तो आज असेल तर पासष्टीचा असेल, नातवंडांचा आजोबा.

नातवाला मी हे सगळं गच्चीवर सांगितलं. त्याने मधे एकदाच विचारलं, "मग तुम्ही ती परत का नाही दिली, आबा?" शिक्षकाला चाळीस वर्षांत असा अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "तेव्हा मला वाटलं होतं की माझं बरोबर आहे." त्याने मान हलवली आणि डब्यावर नेम धरला.

असो. घरी आल्यावर ड्रॉवरमधून ती बेचकी काढून पुसली आणि टेबलावर ठेवली आहे. नातवाने मागितली होती, पण नाही दिली. ती माझी नाहीच, तर देणार कशी?

तुमच्याकडे हिला बेचकी म्हणतात, गलोल म्हणतात की आणखी काही? आणि दोन दोऱ्यांची जुनी धनुष्याची गलोल तुमच्यापैकी कुणाच्या घरी, माळ्यावर वगैरे असेल, तर मला जरूर कळवा. बघायला येईन.